बिनदेवाचं राज्य

...आन् बारा! बारा म्हणते! एक न्हाई, दोन न्हाई, बारा देव पाहिजेत म्हणे तिला, आन् तेबी सोमवारच्या आत! आता तुम्हीच सांगा, देव म्हंजी काय वडापाव हाय का, बारा बांधून द्या, चटणी वेगळी? तुम्हाला सांगते, मी रश्मी, रांजणगावला कंपनीत क्वालिटीला हाय, दिवसभर उभी राहून नट-बोल्ट तपासते, खोट दिसली की लाल डब्यात टाकते, कुणाच्या अध्यात न्हाई की मध्यात न्हाई. कासुर्डीवरनं कंपनीची बस सुटते, राहूवरनं, नदीच्या पुलावरनं रांजणगाव. लांबचा पल्ला. बायका झोपतात, कुणी मेथी निवडतं, कुणी सासूच्या नावानं बोटं मोडतं, आन् मी खिडकीला बसून मोबाईलवर गोष्ट लिहिते. कसली म्हंजी? राज्याची! माझ्या राज्याची! दोन चंद्र हायेत तिथं, म्हशी उडतात, राणी हाय, राक्षस हायेत, बोलणारी बाभळ हाय, सगळं हाय. 'कानोसा' म्हणून ॲप हाय गोष्टी ऐकायचं, त्याच्यावर दर शुक्रवारी माझा भाग येतो, आन् बरं चाललं होतं हो! दृष्ट लागावी असं चाललं होतं!

तवर ह्या समृद्धी मॅडमचा फोन. ॲपच्या संपादक. पुण्यात बसतात, काचेच्या हापिसात, आन् बोलतात कशा? "रश्मीऽऽ, डिअर, वर्ल्ड मस्तच बांधलंयस तू, पण मला एक सांग ना, तुझ्या वर्ल्डमध्ये देव किती?" म्हणलं, एकबी न्हाई. तर म्हणते, "अच्छा, म्हणजे मोनोथिइझम." म्हणलं, न्हाई मॅडम, मोनो म्हंजी एक. इथं एकबी न्हाई. फोन कट झाला का काय बघितलं मी. मग हळूच म्हणते, "विसरलीस का टाकायचे?"

विसरलीस का टाकायचे! मीठ हाय का ते? अहो, दोन चंद्र चालले त्यांना! म्हशी उडाल्या, कुणी विचारलं न्हाई, बाई, ह्या म्हशीला पंख कुठनं आले, ती शेण कुठं टाकती! बाभळ बोलली, चाललं! आन् देव न्हाईत म्हणल्यावर काय म्हणावं बाईनं? "हे रिॲलिस्टिक नाही वाटत गं!" आता डोकं फोडू का काय करू? राज्य माझं हाय ना? चंद्र मी टांगले, म्हशी मी उडवल्या, मग देव किती ठेवायचे ते मी ठरवणार का तुम्ही?

न्हाई, पर तुम्हालाबी वाटत असंल, बाई एवढी का पेटली? टाकायचा एखादा देव, काय बिघडतंय? तर ऐका. मागं आम्ही शिरूरला खोली बघायला गेलो, मी आन् आमचे हे. रोजचा हा प्रवास वाचंल म्हणून. मालकीण लई गोड बाई. पाणी दोन टाइम, गॅलरी, वाळवण घालायला गच्ची, सगळं दाखवलं, चहा ठेवला, आन् चहाला उकळी येतीय तोवर मायेनं विचारते, "तुमचं कुलदैवत कोणतं हो?" ज्याला माहीत न्हाई त्याला वाटंल, काय भाविक बाई हाय! आम्हाला माहीत हाय. ह्यो प्रश्न देवाचा नसतो. तोंडानं जात विचारायला जड जातं, म्हणून देवाला मधी घालतात, जा बाबा, तू विचारून ये. आमचे हे म्हणाले, "आम्ही बौद्ध." संपलं! चहा उतू गेला तरी बाईचं लक्ष न्हाई. आन् तेवढ्यात त्यांना आठवलं की ती खोली भाच्याला द्यायची ठरलीय. मी हे बसमधी नौशादला सांगितलं. नौशाद म्हंजी राहूचा, आमच्या कंपनीत स्टोअरला हाय, त्यो म्हणला, "रश्मीताई, तुम्हाला निदान चहा तरी ठिवला. मी नाव सांगितलं की फोनच बंद पडतो त्यांचा."

त्या दिवशी बसमधी बसल्या बसल्या मी ते राज्य काढलं. रडले न्हाई, खोटं बोलत न्हाई, राज्य काढलं! म्हणलं, एक तरी जागा अशी पाहिजे जिथं कुणाला ह्यो प्रश्न विचारताच येणार न्हाई. देवच न्हाईत म्हणल्यावर कुळाचा कुठला आन् गावाचा कुठला? पर दीक्षा ठेवली. दीक्षा पाहिजे, माणसाला काहीतरी धरून राहायला लागतं. माझ्या राज्यात पोरं-पोरी जाणती झाली की नदीच्या उतारावर जातात, सगळे एकाच घागरीतलं पाणी पितात, आन् मोठ्यानं म्हणतात, 'तहानलेल्याला आधी पाणी, मग नाव.' झाली दीक्षा! तेवढंच! तर ह्यावर मॅडम काय म्हणाव्यात? "खूप प्लेन आहे गं. कपाळावर काहीतरी ग्लो व्हायला पाहिजे." ग्लो! कपाळावर! पाणी पिल्यावर कुणाचं कपाळ पेटतं हो?

मग त्यांनी मीटिंग घेतली. व्हिडिओवर. चित्रं दाखवली. म्हणे हिरोच्या देशात बारा देव, एक विजेचा, एक वाऱ्याचा, एक प्रेमाचा, एक मरणाचा, ज्याला त्याला खातं वाटून दिलेलं. आन् खलनायकाच्या देशात एकच देव. तिथले लोक काळे झगे घालणार, धूर करणार, कुणी हसलं की शिक्षा. "हे टेस्टेड आहे रश्मी, एक देववाले नेहमी डार्क असतात." नौशाद माझ्या शेजारीच बसला होता, कारण माझ्या गोष्टीत राक्षसाचा, म्हशीचा, बाभळीचा आवाज त्योच काढतो. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मोबाईलवर हात ठिवून मला म्हणतो, "व्हय का? एक देववाला म्हणलं की झगा आन् धूर? माझा बाप आयुष्यभर सायकलचं पंक्चर काढत बसला, त्यानं कुणाला डार्क केलं?" म्हणलं, नौशाद, राज्य माझं हाय, तुझ्या बापाला कोण धक्का लावतंय बघते मी!

पर मॅडम पक्क्या. देव टाका, न्हाईतर मालिका बंद. बंद म्हंजी बंद, राज्य गडप, राणी गडप, म्हशी गडप. मग काय, बसली घासाघीस! तुम्हाला सांगते, मी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी एवढी घासाघीस केली नसंल. त्या बारावर, मी शून्यावर. त्या म्हणल्या नऊ. म्हणलं, जमायचं न्हाई. सात? न्हाई. "बरं, पाच, पण एक तरी देवी पाहिजे हं!" पुढनं मल्हारीमामा, आमच्या बसचे ड्रायव्हर, धनगराचा माणूस, ष्टेरिंगवरनंच वरडतात, "ताई, म्हशीला एक ठिवाच! बिनदेवाची म्हैस पान्हवत न्हाई!" सगळी बस हसायला लागली. ज्याला त्याला आपापला एकेक घुसवायचाय माझ्या राज्यात! शेवटी एकावर मिटवलं. एक. आन् त्योबी काम नसलेला. रागाच्या भरात नाव टायपलं, टेकोबा. गोष्टीला टेकू दिलाय नुसता, म्हणून टेकोबा!

घरी गेले तर तिथं दुसरंच. सोजरबाई, माझी सासू, आत्या म्हणते मी त्यांना. सासू म्हंजी कडक काम. विहारात पहिल्या रांगेत बसणार, पांढरी साडी, आवाज खणखणीत. त्यांना वाचून दाखवला नवा भाग. डोळं वटारून म्हणतात, "रश्मे, माझ्या सासूनं अख्खा देव्हारा पदरात बांधून भीमेत सोडला. पाण्यात उभी राहून सोडला. माहेरच्यांनी वर्षभर तोंड दाखवलं न्हाई तिला. आन् तू घरात बसून नवीन देव पाडतीस व्हय? कारखाना काढलास?" म्हणलं, आत्या, त्यो देव खोटा हाय. तर म्हणतात, "मग ते काय खरे व्हते?" जेवलेबी न्हाई मी त्या दिवशी. सासूचं बोलणं म्हणून लागलं न्हाई, खरं होतं म्हणून लागलं.

पुढं ऐका, मजा तर पुढंच हाय! टेकोबाचा आवाज कोण काढणार? नौशादला म्हणलं, चल, बस खुर्चीवर. नौशाद दोन पावलं मागं! "ताई, राक्षस सांगा, म्हैस सांगा, राणीबी काढतो, पर देवाचा आवाज न्हाई काढणार. खोटा का असंना. आमच्यात देवाला रूप न्हाई आन् आवाज काढणारा मी कोण? अम्मी घरात घ्यायची न्हाई." म्हणलं, अरे राज्य माझं हाय, पाप लागलं तर मला लागू दे! तर म्हणतो, "तुमच्यात पाप लागत न्हाई ताई, म्हणून तुम्हाला सोपं हाय." मग राहिलं कोण? मल्हारीमामा! त्यांनी बस वर्कशॉपच्या मागं लावली, काचा बंद केल्या, आन् देव बोलला. कसा बोलला? "सरकाऽऽ, मागं सरकाऽऽ, दारात उभं राहू नका!" वाक्य वेगळं लिहून दिलं होतं हो मी! 'भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे' असलं काहीतरी मॅडमनी घालायला लावलं होतं. पर मामांच्या तोंडात बसंना. म्हणलं जाऊ द्या, तसंच पाठवते, आपटंल त्यो देव आन् जाईल निघून.

आन् चालला की हो! काय चालला! लोकांना त्यो दारात उभं राहू नका म्हणणारा देव एवढा आवडला, लोक म्हणायला लागले, ह्यो आपला देव वाटतो, शिव्या देतो पर गाडीत घेतो. मॅडमचा फोन, "रश्मी, टेकोबा इज अ हिट!" त्यांनी चित्र काढून घेतलं, टेकोबाला पोटावर सहा वड्या, हातात वीज, मामा बघून म्हणले, "माझा आवाज आन् ह्याचं पोट?" इथपर्यंत मी हसले, खोटं कशाला बोलू. पर मग बसमधल्या बायका म्हणायला लागल्या, टेकोबा, ह्या आठवड्यात नाईट शिफ्ट टळू दे, मी पाच जणींना भाग पाठवीन. आन् एकीची टळली! झालं! एकीची टळली की दहाजणी लागल्या. बुधवारचा उपास निघाला. मी म्हणलं, अगं बायांनो, मी लिहिलाय त्याला! ह्या मोबाईलवर! बोटानं! तर म्हणतात, "तुमच्या बोटात आला त्यो, तुमचं भाग्य."

आन् एका बुधवारी सकाळी मी थांब्यावर गेले, आन् बघते तर काय... लिंबाखाली ती जुनी दगडी खूण हाय ना, रस्त्याच्या हद्दीची, जिच्यावर आम्ही डबे ठेवायचो, कुणी पाय ठेवून बुटाची नाडी बांधायचं, ती शेंदरानं माखलेली! वर दोन चांदीचे डोळे! पुढं फोडलेला नारळ! बाजूला पाटी, खडूनं, 'श्री टेकोबा प्रसन्न.' माझ्याच राज्यातला देव, मला न विचारता, पुणे जिल्ह्यात आला!

मी पुढं झाले. म्हणलं, पुसून टाकते आत्ताच्या आत्ता. ओढणीचं टोक हातात घेतलं, तोच मागनं आवाज, "रश्मीताई... जरा लांबनं." आनंदराव. आमच्याच लाइनचे सुपरवायझर, आमच्याच थांब्यावरचे. हातात ताट, खांद्यावर उपरणं, कंपनीच्या युनिफॉर्मवर उपरणं! त्यांनी स्वतःलाच पुजारी नेमलेला. म्हणलं, काय झालं? तर हसून म्हणतात, लई सभ्य माणूस हो, आवाज चढवणार न्हाई, म्हणतात, "तसं काय न्हाई ओ. तुमच्यात देव मानत न्हाईत ना, म्हणून म्हणलं. उगा तुम्हालाच अवघडल्यासारखं."

मला! अवघडल्यासारखं! अहो, मी जन्माला घातला त्याला! नाव मी दिलं, तोंडात बोली मी घातली, पोट त्या मॅडमनी दिलं! आन् मला म्हणतात लांबनं! शिरूरच्या बाईनं निदान तिच्या खोलीतनं हाकललं, ह्यांनी मला माझ्या गोष्टीतनं हाकललं! आन् बाकीचे सगळे उभे, कुणी मोबाईलमधी बघतंय, कुणी बस आली का बघतंय, सकाळच्या उन्हात माझ्या कानशिलाची आग आग होतीय आन् ओढणीचं टोक हातात तसंच. एक नौशाद असता तर बोलला असता, पर त्यो राहूला चढतो. राज्य माझं! राज्य माझं म्हणून मी कुणाला सांगत होते एवढे दिवस?

बसमधी बसले आन् लिहायला घेतलं. डोळ्यांत पाणी होतं का? होतं. रागानं येतं ते पाणी, त्याला चव वेगळी असते. आधी वाटलं, मारून टाकते टेकोबाला. वीज पाडते त्याच्यावर त्याचीच! मग म्हणलं, न्हाई. मेलेला देव लई वाईट, त्याची पुण्यतिथी निघते, जत्रा भरते. मग काय करू? आन् पुलावर बस आली तवा मला सुचलं. त्याला दीक्षाच देते! आजपर्यंत माणसं देवाची दीक्षा घेतात, माझ्या राज्यात देव माणसाची घेईल! मॅडमना विचारलंबी न्हाई.

भाग असा लिहिला बघा. टेकोबा कंटाळलाय. रोज नारळ, रोज गाऱ्हाणी, ह्याची शिफ्ट बदल, त्याच्या सुनेला वळण लाव. कुणी विचारत न्हाई, बाबा, तू जेवलास का? पहाटे उठून त्यो एकटा नदीच्या उतारावर येतो. वीज पाण्यात सोडतो, मुकुट सोडतो, हळूहळू सगळं सोडतो, माझ्या आजेसासूनं पदर मोकळा केला तसं. एक म्हातारी घागर भरत असते, तिला म्हणतो, आये, मला पाणी दे. म्हातारी त्याला न ओळखता पाणी देते. त्यो पितो, आन् म्हणतो, 'तहानलेल्याला आधी पाणी, मग नाव.' संपला देव. आता नुसता एक माणूस, ओल्या अंगाचा, थंडीनं कुडकुडणारा.

घरी आत्यांना वाचून दाखवलं. आत्यांनी उठून माझ्यासाठी गरम भाकरी टाकली. आमच्या घरात ह्याच्यापरीस मोठी शाबासकी न्हाई. मामांकडनं आवाज करून घेतला, तर मामा शपथ म्हणताना दोनदा थांबले, म्हणले, "ताई, मीबी मोकळा झालो बघा, लोक मला रस्त्यात पाया पडाया लागले व्हते." समृद्धी मॅडम फोनवर किंचाळल्या, "तू देवाला रिझाइन करायला लावलंस?" पर भाग तोवर लागला होता.

शुक्रवारी बसमधी मोठ्या स्पीकरवर लावला. मल्हारीमामा गाडी चालवतायत, आनंदराव पहिल्या सीटवर, नौशाद माझ्या मागं. बस पुलावर होती तवा टेकोबानं पाणी मागितलं. कुणी मेथी निवडंना, कुणी खोकंना. भाग संपला. नौशादनं बाहीला डोळं पुसलं, विचारलं तर धूळ गेली म्हणंल. आनंदराव खाली मान घालून बसलेले. मला वाटलं, झालं! लागलं कुठंतरी! जन्मात पहिल्यांदा वाटलं, आपण लिहिलेलं कुणाच्यातरी आत गेलं!

पूल ओलांडून मामांनी गाडी कडंला घेतली. वळून बघितलं माझ्याकडं, डोळं भरलेले, म्हणले, "रश्मीताई, काटा आला अंगावर. देव माणूस झाला! असं कवा ऐकलं न्हाई."

म्हणलं, मामा, तुमच्या आवाजामुळं.

"न्हाई, न्हाई, लई झ्याक झालं. पर ताई..."

म्हणलं, काय मामा?

"माणूस झाला, बरंच झालं. पर... झाला कुणातला?"

आन् तुम्हाला सांगते, अख्खी बस टणकन जागी झाली! "म्हशींच्या राज्यातला, म्हंजी आमच्यातलाच की!" "अगं, नदीवर आला न्हवं, त्यो आमच्यातला!" आनंदरावांनी मान वर केली, "हातात वीज होती त्याच्या, म्हंजी आमच्यातला, ह्यात काय विचारायचं?" मागनं एक म्हणली, "म्हातारीनं पाणी दिलं न्हवं, मग म्हातारी कुणातली त्ये आधी बघा!" नौशाद नुसता माझ्याकडं बघत होता. दोन बायकांची तर सीटवरनं भांडणं लागली, मामा ष्टेरिंग सोडून सोडवायला गेले.

आता काय करू, सांगा? राज्य माझं हाय, माझं हाय म्हणत बसले... जाऊ द्या. पुढच्या शुक्रवारी करते त्याला परत देव. माणूस झाल्यापासनं लई हाल चाललेत बिचाऱ्याचे. देव होता तवा निदान लोक पायातल्या चपला काढून तरी बोलत होते.